फीला पैसे नसले तरी प्रवेश! कर्मवीरांनी घातलेली घडी

सातारा : कुंभोजला १८८७ साली जन्मलेल्या भाऊराव पाटलांचं स्वतःचं शिक्षण मॅट्रिकच्या आतच थांबलं. पुढं किर्लोस्करांच्या नांगरासाठी गावोगाव हिंडताना त्यांनी कुणब्याच्या, दलिताच्या घरातली पोरं जवळून बघितली. हुशारी होती, पैका नव्हता.

१९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था उभी राहिली. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग सुरू झालं, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. तेही त्या काळात! धान्य संपलं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रसुद्धा मोडायला दिलं. १९३० साली त्या गेल्या, पोरांची आईच गेली.

फुकट मदत मात्र भाऊरावांना पटत नसे. पोरानं शेतात राबावं, खोदकाम करावं, त्यातून खर्च भागवावा. हीच 'कमवा आणि शिका' योजना. नोकरीचंही त्यांनी बघितलं. १९३५ ला शिक्षक तयार करणारं ट्रेनिंग कॉलेज काढलं. खेड्यातलाच पोरगा मास्तर होऊन खेड्यात जाऊ लागला. १९४७ ला साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं. तिथंही गरिबाच्या पोराला कष्टाच्या जोरावर पदवीपर्यंत जाता येऊ लागलं.