बंदूक खाली ठेवणारा शिकारी

रानात कॅमेरा मांडून ठेवायचा आणि जनावराने स्वतःच आपले छायाचित्र काढून घ्यायचे, ही किमया करणाऱ्या पहिल्या काही लोकांत जॉर्ज शिरास यांचे नाव येते. १८५९ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात ते जन्मले. वडील पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. शिरासही वकील होते, पण त्यांचा जीव रमे तो मिशिगनमधील मार्केट गावाजवळच्या तळ्यांवर. होडीच्या टोकाला दिवा लावायचा आणि उजेडाने दिपलेले हरीण थबकले की गोळी घालायची, ही ओजिब्वे आदिवासींची रीत त्यांनी उचलली होती.

१८८९ मध्ये त्यांनी कॅमेरा हाती घेतला. होडी तीच, दिवा तोच. बंदुकीच्या बाराऐवजी मॅग्नेशियमच्या भुकटीचा लखलखाट! पुढे तर स्वतः हजर राहण्याचीही गरज उरली नाही. वाटेवर दोरी आडवी ताणली की झाले. बीव्हर या प्राण्याच्या बांधाला भगदाड पाडून त्यांनी तिथल्या काटकीला दोरी जोडली. डागडुजीला आलेल्या बीव्हरने काटकी ओढली आणि स्वतःचीच छबी टिपली!

जुलै १९०६ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक'ने त्यांची ७४ छायाचित्रे छापली. ज्ञानाचे मासिक चित्रांच्या नादी लागले म्हणून संस्थेचे दोन संचालक राजीनामा देऊन मोकळे झाले. काळाने कौल दिला तो शिरास यांच्या बाजूने.

१९०४ साली काँग्रेस सदस्य असताना त्यांनी स्थलांतरित पक्ष्यांच्या रक्षणाचे विधेयक मांडले. १९१३ च्या कायद्याचे मूळ त्यातच आहे. युरोपात ज्याला एल्क म्हणतात, त्या मूसची यलोस्टोन परिसरातील एक उपजात त्यांच्याच नावाने ओळखली जाते. १९४२ मध्ये मार्केटमध्येच त्यांचे निधन झाले.

आज दोरीची जागा उष्णता आणि हालचाल ओळखणाऱ्या यंत्राने घेतली आहे. आपल्या ताडोबात वाघ मोजले जातात ते याच तंत्राने. अमेरिकेत मात्र एल्कचा शिकारीही हाच कॅमेरा पाणवठ्यावर बांधतो, आणि दोन पायांच्या चोरापासून वाचवण्यासाठी त्याला लोखंडी पेटी आणि कुलूप घालतो. जनावराला लपायला जागाच उरेना, तेव्हा २०२२ पासून ॲरिझोना राज्याने शिकारीसाठी असे कॅमेरे वापरण्यावर बंदी घातली. शिरास यांनी बंदुकीपासून सोडवून आणलेले तंत्र पुन्हा बंदुकीच्याच चाकरीला लागले होते. कॅमेरा काय, ज्याच्या हाती जाईल त्याचा होतो.