दामोदरपंतांच्या मनात काय होते?

चिंचवडच्या चापेकर चौकात सकाळी सहाच्या सुमारास उभे राहिले, की भोसरी-चाकणच्या कारखान्यांकडे निघालेल्या कंपन्यांच्या बसगाड्या दिसतात. पहिल्या पाळीचे कामगार खिडकीला डोके टेकून उरलीसुरली झोप पुरी करीत असतात. चौकातल्या पुतळ्यांकडे फारसे कोणी पाहत नाही. रोज दिसणाऱ्या गोष्टीचे असे होतेच. पण जवळच्या जुन्या गावात चापेकरांचा वाडा आहे, आणि त्या घरातल्या थोरल्या मुलाच्या मनातले काढून घेण्यासाठी एका बलाढ्य सरकारने केलेला आटापिटा आज पुन्हा आठवावा असा आहे. कारण माणसाच्या मनातला हेतू मेंदूची तपासणी करून वाचता येईल, असे आता प्रयोगशाळांतून सांगितले जात आहे.

दामोदर हरी चापेकर यांचा जन्म १८६९ चा. आजोबांच्या काळी घर बरे होते, पुढे व्यापारात बुडाले. वडील हरिपंतांनी कीर्तनाचा मार्ग धरला आणि दामोदर, बाळकृष्ण, वासुदेव ही मुले त्यांच्या मागे साथीला उभी राहू लागली. शाळा अर्धीच राहिली. दामोदरपंतांना ओढ होती ती लष्कराची. ती वाट बंद आहे हे कळल्यावर त्यांनी मुले जमवून तालीम, कवायत सुरू केली. स्वभाव कडवा, धर्माभिमान त्याहून कडवा. सुधारकांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता आणि त्यांना चोप देण्यापर्यंत त्यांची मजल गेली. हुताम्याचे चरित्र सांगताना ही पाने उलटून पुढे जाण्याची आपल्याकडे रीत आहे. ती पाळण्याचे कारण नाही. १८९६ मध्ये मुंबईतल्या व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्याला कोणीतरी डांबर फासले. हे काम कोणाचे, याचा सरकारला पत्ता लागला नाही. दामोदरपंतांनी स्वतः सांगितले तेव्हाच तो लागला.

मग १८९७ ची प्लेगची साथ आली. वॉल्टर चार्ल्स रँड हा अधिकारी पुण्यात आला आणि गोरे सोल्जर घराघरांत शिरू लागले. देवघरे, माजघरे, बायकांच्या खोल्या, काहीच वर्ज्य राहिले नाही. त्या उन्हाळ्यात रँडचे वाईट चिंतणारी माणसे पुण्यात किती असतील? पेठांमधली निम्मी घरे तरी नक्कीच. ओसरीवर बसून त्याच्या मरणाची इच्छा बोलून दाखवणारे असतील, मनातल्या मनात त्याच्यावर गोळी झाडणारेही असतील. २२ जूनच्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची मेजवानी आटोपून गाड्या गणेशखिंडीतून परतत असताना प्रत्यक्ष गोळी झाडली ती मात्र दोन भावांनी. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाला. ज्याच्यासाठी हा सारा घाट घातला तो रँड ३ जुलैपर्यंत जगला.

सरकारने वीस हजारांचे इनाम लावले. त्याच सप्टेंबरात मुंबईच्या हायकोर्टात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कायद्याचा अर्थ असा लावून दिला, की सरकारविषयी प्रेम नसणे म्हणजेच अप्रीती. नऊपैकी सहा युरोपियन पंचांनी दोषी ठरवले, तीन हिंदी पंचांनी नाही. आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. कृती बाजूला राहून हृदयातली भावना मोजायला न्यायालय बसले, की काय होते याचा हा नमुना. त्या दिवशी स्ट्रॅचीसाहेबांच्या हाताशी मेंदू वाचणारे यंत्र असते तर?

दामोदरपंत सापडले ते द्रविड बंधूंच्या चहाडीने आणि पोलीस अधिकारी ब्रुइन याच्या चिकाटीने. ऑक्टोबर १८९७ मध्ये त्यांनी मॅजिस्ट्रेटपुढे कबुलीजबाब दिला. त्यात पुतळ्याच्या डांबरापासून गणेशखिंडीपर्यंत सारे आले. खटल्यात मात्र त्यांनी तो नाकारला, पोलिसांनी आमिष दाखवून वदवून घेतला असे सांगितले. आणि येरवड्याच्या तुरुंगात त्यांनी आत्मवृत्त लिहिले, त्यात पुन्हा सगळे सविस्तर सांगितले. माणूस एक, स्मृतीही एकच, आणि जबान्या तीन. आज आपल्याला आत्मवृत्त खरे वाटते, कारण ते लिहिताना मिळवायचे काही उरले नव्हते. कबुलीजबाबाबद्दल तसे म्हणता येईल काय?

गंमत अशी, की या धोक्याची जाणीव इंग्रजांच्याच कायद्याला होती. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध वापरायला मनाई केली होती. धाक, आमिष किंवा वचन देऊन घेतलेली कबुलीही त्याज्य ठरवली होती. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हे तत्त्व कायम आहे. मनाचे दार आतून उघडावे, बाहेरून फोडू नये, हा त्याचा मथितार्थ.

ते दार बाहेरून उघडण्याचा एक प्रयत्न पुण्यातच झाला. २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात आरोपी तरुणीला जन्मठेप दिली, तेव्हा इतर पुराव्याबरोबर मेंदूच्या विद्युत्‌लहरींची चाचणीही ग्राह्य धरली. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, गुन्ह्याच्या घटना सांगणारी वाक्ये ऐकवायची. आरोपीने तोंडातून अक्षर काढायचे नाही. मेंदू कोठे प्रतिसाद देतो ते पाहून, ही गोष्ट त्या व्यक्तीने स्वतः अनुभवली आहे की नुसती ऐकली आहे, हे सांगता येते असा दावा होता. जगभर या निकालाची चर्चा झाली. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नार्को, पॉलिग्राफ आणि ही मेंदूची चाचणी सक्तीने करणे घटनाबाह्य ठरवले. संमतीने केली तरी तिचा निष्कर्ष हाच पुरावा मानता येणार नाही, असेही स्पष्ट केले.

हे झाले घडून गेलेल्या गोष्टीच्या आठवणीबद्दल. हेतू ही त्याहून निसरडी चीज. २००७ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी काही जणांना दोन आकड्यांची बेरीज करायची की वजाबाकी, हे मनात ठरवायला सांगितले आणि मेंदूच्या स्कॅनवरून तो बेत ओळखून दाखवला. शंभरात सुमारे सत्तर वेळा तो बरोबर आला. नाणे उडवून पन्नास वेळा बरोबर येतोच. शिवाय हे लोक खुशीने यंत्रात निजलेले, डोके न हलवता सहकार्य करणारे. बेरीज-वजाबाकीपासून गणेशखिंडीपर्यंतचे अंतर फार मोठे आहे.

पण उद्या ते यंत्र अगदी अचूक झाले असे धरून चालू. मे १८९७ मध्ये पुण्याच्या पेठांतून ते फिरवले असते, तर त्याने काय दाखवले असते? रँड मरावा असे वाटणारी शेकडो माणसे. त्यांतून चापेकर वेगळे कसे काढणार? इच्छा, बेत आणि कृती यांच्यामध्ये जी जागा असते, तिथेच माणूस कचरतो, विचार बदलतो, घरी परत जातो. त्या जागेचा हिशेब यंत्राच्या चित्रात येत नाही. आणि न कचरलेल्या माणसाला दंड करायला कृतीचा पुरावा पुरतो. त्यासाठी बाकीच्यांच्या डोक्यात डोकावण्याची परवानगी सरकारला कशाला हवी? संमती घेऊ, असे म्हणतात. कोठडीतल्या माणसाची संमती कितपत खरी, हे दामोदरपंतांच्या नाकारलेल्या जबाबाने दाखवलेच आहे.

१८ एप्रिल १८९८ रोजी येरवड्यात दामोदरपंतांना फाशी झाली. हाती गीता होती, ती त्याच तुरुंगात असलेल्या टिळकांनी दिल्याचे सांगतात. बाळकृष्ण निजामाच्या मुलखात लपून राहिला होता, तोही पुढे सापडला. धाकट्या वासुदेवावर पोलिसांची नजर होती. त्याचे येणेजाणे, बोलणे त्यांना ठाऊक होते. ८ फेब्रुवारी १८९९ च्या रात्री त्याने आणि महादेव रानडे यांनी द्रविड बंधूंना निरोप धाडून घराबाहेर बोलावले आणि गोळ्या घातल्या. त्या मे महिन्यात आठ तारखेला वासुदेव, दहाला रानडे आणि बाराला बाळकृष्ण, असे तिघे फासावर गेले.