रियासतकार सरदेसाई आणि घराण्यांच्या वंशावळी

ज्ञातीतील सर्व घराण्यांच्या वंशावळी जुळवून एकत्र छापाव्यात, ही आपल्या सभासदांची जुनी इच्छा आहे. त्या निमित्ताने रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या चरित्राचे स्मरण करणे आम्हांस उचित वाटते.

सरदेसाई यांचा जन्म 1865 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील गोविल येथे झाला. 1889 मध्ये ते बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या सेवेत शिरले व 1925 मध्ये निवृत्त झाले. ही नोकरी सांभाळूनच त्यांनी मराठी रियासतीचे लेखन आरंभिले. पुढे पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड त्यांच्या संपादकत्वाखाली प्रसिद्ध झाले.

जुन्या कागदांतील माणसे ओळखणे सोपे नसते. आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची आपली रीत. होळकरांचेच पाहावे. थोरले मल्हारराव 1766 मध्ये वारले. तुकोजींचे पुत्र मल्हारराव 1797 मध्ये मारले गेले. यशवंतरावांचे पुत्रही मल्हाररावच. केवळ नावावरून शाखा जोडू गेल्यास चुलत्याच्या जागी पुतण्या बसावयाचा! अशा ठिकाणी पित्याचे नाव व सन यांचाच आधार. सरदेसाईंनी सिद्ध केलेला ऐतिहासिक वंशावळींचा संग्रह 1957 मध्ये मुंबई सरकारने प्रसिद्ध केला, तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती.

या पुरुषाच्या स्वतःच्या वाट्यास मात्र पुत्रवियोगाचे दुःख आले. त्यांचे दोन्ही पुत्र त्यांच्या हयातीतच निवर्तले. पैकी श्यामकांत यांची पत्रे पित्याने ग्रंथरूपाने जतन केली. स्वतःची शाखा खुंटली असता इतरांच्या शाखा जुळवीत बसणे, यास केवढे मनोधैर्य लागले असेल!

आणखी एक गोष्ट आम्हांस सांगावीशी वाटते. होळकरांच्या वंशवृक्षात खंडेरावांची शाखा मालेरावांच्या निधनाने 1767 मध्ये संपते. परंतु खंडेरावांच्या पत्नी, आपल्या चोंडीच्या कन्या अहिल्याबाई यांनी पुढे 1795 पर्यंत राज्य राखिले, आणि आज आपला जिल्हा त्यांच्याच नावाने ओळखला जातो. केवळ पुरुषांची नावे लिहिणाऱ्या वंशावळीत त्यांना जागा कोठे मिळाली असती?

सरदेसाई 1959 मध्ये कामशेत येथे दिवंगत झाले. त्यांचे स्मरण म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपल्या पिढ्या लिहून काढाव्यात. नावापुढे जन्म-मृत्यूचा सन व गाव लिहावे. लेकी-सुनांची नावे व माहेरे गाळू नयेत. माहिती नसेल तेथे तर्काने नाव न भरता जागा रिकामी ठेवावी. घरातील वडीलधारी मंडळी आहेत तोवरच हे विचारून घ्यावे, अशी आमची सर्वांस नम्र विनंती आहे.