भूलोकमल्ल सोमेश्वर आणि त्याची मत्स्यविद्या

कल्याण हें नांव काढिलें, कीं कोलशेतच्या मुलांस खाडीच्या वरच्या अंगास असलेलें जुनें बंदरच आठवतें. परंतु ज्या राजाचें चरित्र आम्ही येथें सांगणार आहों, त्याचें कल्याण निराळें. तें कर्नाटकांतील बीदर जिल्ह्यांत असून त्यास आज बसवकल्याण म्हणतात. तेथें राज्य करणाऱ्या चालुक्य वंशांतील तिसऱ्या सोमेश्वरानें गळानें मासे धरण्याची विद्या संस्कृत श्लोकांत बांधून ठेविली. राजानें असल्या विषयावर लेखणी कां चालवावी, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर त्याच्या चरित्रांत आहे.

सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य मोठा पराक्रमी होता. इ. स. १०७६ पासून ११२६ पर्यंत, म्हणजे सुमारें पन्नास वर्षें, त्यानें राज्य केलें व स्वतःच्या नांवाचा शकही सुरू केला. बिल्हणासारखा कवि आणि मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर हे त्याच्याच आश्रयाचे. अशा घरांत वाढलेल्या मुलास शास्त्राची गोडी लागली, यांत नवल नाहीं. गादीवर आल्यावर त्यानें भूलोकमल्ल हें बिरुद घेतलें. परंतु त्याच्या व्यासंगामुळें सर्वज्ञ हेंही बिरुद त्यास मिळालें. पित्याचें चरित्र त्यानें स्वतः लिहावयास घेतलें होतें. तें मात्र अपुरें राहिलें.

त्याचा मोठा ग्रंथ मानसोल्लास हा इ. स. ११२९ च्या सुमारास रचिला गेला. त्याचे पांच भाग असून प्रत्येक भागांत वीस प्रकरणें आहेत. राज्य कसें मिळवावें व कसें राखावें येथपासून पाकशास्त्र, रत्नें, हत्ती, घोडे, चित्रें, संगीत येथपर्यंत शंभर विषय त्यांत आले आहेत. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडण करितांना ओव्या गातात, ही गोष्टही या राजानें नोंदवून ठेविली आहे, म्हणून मराठी भाषेच्या अभ्यासकांस हा ग्रंथ विशेष प्रिय आहे.

या ग्रंथाच्या चौथ्या भागांत मत्स्यविनोद नांवाचें प्रकरण आहे. तेथें राजानें प्रथम माशांची ओळख करून दिली आहे. कोणता मासा समुद्रांतला, कोणता नदींतला. कोणास खवले आहेत, कोणास नाहींत. कोण मोठा, कोण लहान, अशी वर्गवारी करून तीसांहून अधिक जाती त्यानें सांगितल्या आहेत. त्यानंतर त्यांचें खाणें येतें. कांहींस तिळांची पेंड, हरभऱ्याचें पीठ व भात यांचे गोळे रुचतात; कांहीं मांसाकडेच धांवतात. काठी, दोरी आणि गळ यांचें वर्णन त्याच प्रकरणांत आहे. सर्व माशांस एकच आमिष चालत नाहीं, आणि माशाची रीत ओळखल्यावांचून गळ टाकणें व्यर्थ होय, हें त्याचें सार आम्हांस दिसतें.

इंग्लंडांत गळाच्या विद्येवरील पुस्तक प्रथम छापून निघालें तें इ. स. १४९६ मध्यें. आयझॅक वॉल्टन याचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ मधला. मद्रास इलाख्यांतील अधिकारी एच. एस. थॉमस यांनीं हिंदुस्थानांतील गळाच्या शिकारीवर पुस्तक लिहिलें तें १८७३ मध्यें. सोमेश्वराचें प्रकरण या सर्वांच्या शेंकडों वर्षें आधींचें आहे.

राजा म्हणून मात्र त्याची कीर्ति पित्याएवढी झाली नाहीं. दक्षिणेस होयसळ विष्णुवर्धन प्रबळ होत चालला होता, व मांडलिकांवरील पकड सैल पडूं लागली होती. इ. स. ११३८ च्या सुमारास सोमेश्वर वारला. पुढें पंचवीस वर्षांच्या आंतच कल्याणची गादी कलचुरी बिज्जळाच्या हातीं गेली. मासे मोजीत बसल्यानें राज्य गेलें, असा दोष कोणी त्यास देईल. आम्हांस तसें वाटत नाहीं. राज्यें अनेक कारणांनीं जातात. आणि त्याचें राज्य गेलें, तरी ग्रंथ राहिला.

दुसरा एक विचार मात्र आमच्या मनांतून जात नाहीं. राजास ही विद्या कोणी शिकविली? कोणता मासा कोठें चरतो, हें राजवाड्यांत बसून कळत नाहीं. तें नदीकांठीं जन्म घालविणाऱ्या कोळ्याधीवरांसच ठाऊक असणार. राजास जो विनोद, तो त्यांचा पोटाचा उद्योग. राजाचें नांव ग्रंथावर आहे. त्या गुरूंपैकीं एकाचेंही नांव आम्हांस ठाऊक नाहीं. तथापि त्यांचें ज्ञान क्षुद्र न मानतां राजानें तें लिहून ठेविलें, हाच त्याचा मोठेपणा.

कोलशेतच्या वाचकांस हें सांगण्याचें कारण आहे. आपल्या खाड्यांत जिताडा नांवाचा मासा असतो. तो निमखाऱ्या पाण्यांत वाढतो, जिवंत कोलंबी व लहान मासे गिळतो, आणि ओहोटीच्या वेळीं नाल्याच्या तोंडाशीं दबा धरून बसतो. आरंभीं तो नर असतो व मोठा झाल्यावर मादी होतो, असें शास्त्रज्ञांनीं दाखविलें आहे. हल्लीं हौशी लोक त्यासाठीं चकाकणारा धातूचा चमचा, लाकडी मासा, रबरी कोलंबी अशीं खोटीं आमिषें वापरतात. गढूळ पाण्यांत कोणतें चालवावें, किती सावकाश ओढावें, हें ज्याचें त्यानें पाण्यापासूनच शिकावयाचें असतें. नियम तोच, सुमारें नऊ शतकांपूर्वीचा: आधीं मासा ओळखावा, मग आमिष निवडावें.

परंतु उल्हास नदीचें पाणी कारखान्यांच्या व शहरांच्या सांडपाण्यानें बिघडलें आहे, आणि उधाण व भांग यांचा हिशेब तोंडपाठ असणारीं माणसें वृद्ध होत चाललीं आहेत. तीं गेल्यावर त्यांची विद्याही त्यांच्याबरोबर जाईल. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरीं किंवा शेजारीं असे कोणी आजोबा असतील, तर त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि वहींत उतरून घ्या. सोमेश्वरानें जें गाळिलें, तें तुम्ही गाळूं नका: ज्यानें सांगितलें, त्याचें नांवही खालीं लिहा.