दिवाळी अंकाची चाल पाडणारे का. र. मित्र

हिवरखेड (ता. तेल्हारा) : दिवाळीत फराळाचे डबे भरले जातात, तशीच वाचनालयाच्या टेबलावर दिवाळी अंकांची चळतही लागते. मराठी घरात ही चाल पाडली ती मुंबईतल्या एका मासिकाच्या संपादकानं. त्यांचं नाव काशिनाथ रघुनाथ मित्र.

मित्र हे त्यांचं मूळ आडनाव नव्हे. ते सावंतवाडीकडील आजगावचे, म्हणून आजगावकर. जन्म १८७१ चा. बंगाली भाषा त्यांनी मनापासून आत्मसात केली, बंगाली कादंबऱ्या मराठीत आणल्या आणि त्या ओढीनं मित्र हे बंगाली आडनाव घेतलं. पुढं सारा महाराष्ट्र त्यांना याच नावानं ओळखू लागला.

जानेवारी १८९५ मध्ये त्यांनी मुंबईत मनोरंजन मासिक सुरू केलं. तेव्हा वय होतं अवघं २३. मासिक चालवणं काही सोपं काम नव्हतं. कागद, छपाई आणि टपालाचा खर्च आधी करावा लागे; वर्गणी मात्र सवडीनं येई. त्या काळी कितीतरी मासिकं दोन-चार वर्षांतच बंद पडत. मनोरंजन ४० वर्षं चाललं.

ते टिकलं, कारण मित्रांना घरचा वाचक कळला होता. विद्वानांसाठी विविधज्ञानविस्तारसारखी मासिकं आधीपासून होती. पण दिवसभराचं काम आटोपून दिव्याजवळ बसणाऱ्या माणसाला आणि नुकतंच वाचायला शिकलेल्या बाईला काय आवडेल, याचा विचार मित्रांनी केला. महिनोन्‌महिने क्रमशः चालणाऱ्या कादंबरीसोबत एकाच अंकात संपणारी गोष्ट त्यांनी दिली. वि. सी. गुर्जर यांच्यासारखे कथाकार त्यातूनच घरोघरी पोचले. मराठी कथेच्या इतिहासात त्या काळाला आजही मनोरंजनचा काळ म्हणतात.

कवितेलाही तिथं मानाची जागा होती. बालकवी आणि राम गणेश गडकरी मनोरंजनमधून वाचकांपुढं आले. गडकरी ज्यांना गुरू मानत, ते श्रीपाद कृष्ण कोल्हटकर आपल्या शेजारच्या जळगाव जामोदला वकिली करत. कोल्हटकरांचा जन्मही १८७१ चाच. मासिक छापलं जाई मुंबईत, पण त्या लेखकमंडळींचा धागा असा आपल्या वऱ्हाडापर्यंत येत होता.

इंग्रजी मासिकं नाताळला खास अंक काढत. आपला मोठा सण दिवाळी, मग मराठी वाचकाला त्या दिवसांत खास अंक का मिळू नये? १९०९ मध्ये मित्रांनी मनोरंजनचा दिवाळी अंक काढला. कथा, कविता, लेख, चित्रं असा भरगच्च अंक. मराठी दिवाळी अंकांची परंपरा तिथूनच धरली जाते. पाहता पाहता इतर मासिकांनीही ती वाट धरली.

१९२० मध्ये मित्र गेले. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. त्यांच्यामागं मासिक आणखी १५ वर्षं चाललं आणि १९३५ मध्ये बंद पडलं. त्यांनी पाडलेली चाल मात्र थांबली नाही. आजही दरवर्षी शेकडो दिवाळी अंक निघतात. मोठ्या शहरांतूनच नाही, तर जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या गावांतूनही निघतात.

खेड्यातल्या वाचकाला एवढे सारे अंक विकत घेणं परवडत नाही. सोयाबीन-कपाशीच्या भावावर ज्याची दिवाळी ठरते, त्यानं चार-पाचशे रुपयांचा अंक घ्यावा तरी कसा? म्हणून गावचं वाचनालय महत्त्वाचं. तिथं आलेला एक अंक होळीपर्यंत पंचवीस-तीस घरं फिरतो, कोपरे दुमडतात, मुखपृष्ठ सुटतं, तरी वाचला जातो. वाचनालयाला कुलूप लागलं, तर ती घरं वाचनाला मुकतात. मित्रांनी मुंबईत बसून ज्या वाचकासाठी ४० वर्षं चालेल असं मासिक उभं केलं, तो वाचक हाच. यंदा फराळाच्या खर्चातून एक अंक गावच्या वाचनालयाला दिला, तरी त्यांच्या कामाची आठवण राखल्यासारखं होईल.