कॉकक्रॉफ्ट यांची गाळणी

पदार्थविज्ञानाच्या पाठ्यपुस्तकांत कॉकक्रॉफ्ट हे नाव वॉल्टनच्या जोडीने येते आणि प्रयोगाची आकृती काढून झाली की विद्यार्थी पान उलटतो. एप्रिल १९३२ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत या दोघांनी यंत्राने वेग दिलेल्या प्रोटॉनांचा मारा करून लिथियमचा अणुगर्भ फोडला आणि १९५१ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु सर जॉन कॉकक्रॉफ्ट यांच्या ज्या कामाचे ऋण सामान्य माणसांवर अधिक आहे, ते पाठ्यपुस्तकात सापडत नाही. ते काम म्हणजे धुराड्याच्या टोकावर बसविलेली एक गाळणी.

२७ मे १८९७ रोजी इंग्लंडमधील टॉडमॉर्डन येथे, कापडगिरणी चालविणाऱ्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. पहिल्या महायुद्धात ते तोफखान्याच्या संदेशदळात होते. पुढे त्यांनी विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, मँचेस्टरच्या कारखान्यात उमेदवारी केली आणि मगच ते केंब्रिजला रदरफर्ड यांच्या हाताखाली आले. रदरफर्ड यांच्या शिष्यमंडळात प्रतिभावंतांची वाण नव्हती. तारा, पंप आणि उच्च विद्युद्दाब यांच्याशी सख्य असलेली माणसे मात्र थोडी होती. कॉकक्रॉफ्ट त्यांपैकी होते. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रडारचे काम पाहिले, १९४४ पासून कॅनडातील अणुसंशोधनाचे नेतृत्व केले आणि १९४६ मध्ये हारवेल येथील ब्रिटिश अणुसंशोधन केंद्राचे संचालकपद स्वीकारले. केंब्रिजपासून त्यांच्या परिचयाचे असलेले डॉ. होमी भाभा यांनी तुर्भे येथे उभारलेली 'अप्सरा' अणुभट्टी ४ ऑगस्ट १९५६ रोजी सुरू झाली, तिचे इंधन ब्रिटनमधूनच आले होते.

ब्रिटनला स्वतःचा अणुबाँब हवा होता आणि त्यासाठी प्लुटोनियम हवे होते. ते तयार करण्यासाठी वायव्य किनाऱ्यावरील विंडस्केल येथे दोन भट्ट्या उभारण्यात आल्या. ग्राफाइटच्या ठोकळ्यांच्या या प्रचंड राशींतून पंख्यांनी हवा खेळवून त्या थंड ठेवावयाच्या आणि तापलेली हवा सुमारे चारशे फूट उंच धुराड्यातून आकाशात सोडावयाची, अशी ही योजना. इंधनाचे एखादे नळकांडे फुटले तर त्यातील किरणोत्सर्गी धूळ त्या हवेबरोबर आसपासच्या कुरणांवर जाणार, हे उघड होते. तरी मूळ आराखड्यात गाळणीला स्थान नव्हते.

अमेरिकेतील ओक रिज केंद्राच्या परिसरात किरणोत्सर्गी कण सापडल्याची वार्ता कॉकक्रॉफ्ट यांच्या कानी आली आणि त्यांनी धुराड्यांना गाळण्या बसविण्याचा आग्रह धरला. अभियंते त्रासले. धुराडी अर्धीमुर्धी उभी राहिली होती. तळाशी गाळणी बसविण्याची वेळ निघून गेली होती. अखेर पोलाद, विटा आणि काँक्रीट शिखरावर चढवून तेथे गाळणीघर बांधावे लागले. पैसा गेला, वेळ गेला आणि लोकांनी त्या बोजड टोप्यांना कॉकक्रॉफ्टचा खुळेपणा असे नाव ठेवले. ओक रिजचे ते कण भट्टीच्या धुराड्यातून नव्हे, तर रासायनिक कारखान्यातून आले होते, हे मागाहून कळले. म्हणजे ज्या माहितीवर हा आग्रह आधारला होता ती सदोष होती. आग्रह मात्र योग्य होता.

भट्टीतील ग्राफाइटमध्ये न्यूट्रॉनांच्या माऱ्याने ऊर्जा साठत जाते. ती अधूनमधून, सावकाश तापवून, बाहेर काढावी लागे. ऑक्टोबर १९५७ मध्ये पहिल्या भट्टीत हे काम चालू असताना इंधनानेच पेट घेतला. १० ऑक्टोबरला हवेचे नमुने घेणाऱ्या उपकरणांनी वाढता किरणोत्सर्ग दाखविला आणि झाकणे काढून पाहिले तेव्हा आत नळकांडी लालबुंद झालेली दिसली. कार्बन डायऑक्साइडने काही साधले नाही. दुसऱ्या दिवशी स्फोटाचा धोका पत्करून पाणी सोडण्यात आले, पंखे बंद केले गेले आणि आग विझली.

गाळण्यांनी कणांचा मोठा भाग अडवून धरला. त्या दिवसापासून कुचेष्टा थांबली. परंतु वायुरूप आयोडीन अशा गाळणीस दाद देत नाही. ते हवेतून गवतावर, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून बालकांच्या थायरॉइड ग्रंथीत जाते. सरकारी देखरेखीची खरी कसोटी येथे लागली. मोजणी करणारी पथके परिसरात फिरत होती, गोठ्यांतून दुधाचे नमुने आणले जात होते. पण दुधात किती आयोडीन-१३१ असल्यास ते मुलास देऊ नये, याचा तयार आकडा कोणापाशीच नव्हता. भट्टी सात वर्षे चालली होती, आणि जो आकडा पहिल्या दिवशी भिंतीवर लिहिलेला असावयास हवा होता तो आगीच्या धांदलीत काही तासांत ठरवावा लागला: लिटरमागे एक दशांश मायक्रोक्यूरी. १२ ऑक्टोबरला दुधावर बंदी आली. थोड्याच दिवसांत ती सुमारे पाचशे चौरस किलोमीटरवर पसरली आणि २३ नोव्हेंबरला पूर्णपणे उठली. तोवर तेथील दूध गटारांत आणि समुद्रात ओतले गेले.

मोजणाऱ्यांनी आपले काम प्रामाणिकपणे केले, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण भट्टी चालविणारी संस्था तीच आणि तिच्या धुराची मोजणी करणारीही तीच, हे विसरून चालणार नाही. चौकशीचे प्रमुख सर विल्यम पेनी हे स्वतः ब्रिटिश अणुबाँबचे शिल्पकार होते. समितीतील शोनलँड हारवेलचे उपसंचालक होते. त्यांचा अहवाल परखड होता, परंतु पंतप्रधान मॅकमिलन यांनी तो दाबून ठेवला आणि संसदेपुढे सौम्य श्वेतपत्रिका ठेवली. अमेरिकेशी अणुसहकार्याच्या वाटाघाटी चालू असता आपली अब्रू चव्हाट्यावर येऊ नये, ही त्यामागील चिंता. ज्या शेतकऱ्याचे दूध ओतले गेले त्याच्या चिंतेला त्या हिशोबात जागा नव्हती. अणुऊर्जा प्राधिकरणाच्या वरिष्ठ मंडळात कॉकक्रॉफ्ट स्वतःही होते. धुराड्याबाबत जो हट्ट त्यांनी धरला तसा या गोपनीयतेविरुद्ध धरल्याचे दिसत नाही.

१९५९ च्या कायद्याने अणुभट्ट्यांना परवाना आणि सरकारी तपासणी लागू झाली, पण प्राधिकरणाच्या स्वतःच्या भट्ट्या त्यातून वगळल्या गेल्या. किरणोत्सर्गापासून जनतेच्या संरक्षणासाठी राष्ट्रीय मंडळ १९७० मध्ये अस्तित्वात आले. त्या आगीतून पोलोनियमही बाहेर पडले होते, ही गोष्ट सार्वजनिक हिशोबात यावयास १९८३ साल उजाडले. तो धरून पुढे झालेल्या गणितानुसार सुमारे २४० व्यक्तींना या किरणोत्सर्गामुळे कर्करोग झाला असावा, असा अंदाज आहे. गाळण्या नसत्या तर हा आकडा कोठे गेला असता?

कॉकक्रॉफ्ट १९५९ मध्ये केंब्रिजच्या नव्या चर्चिल महाविद्यालयाचे पहिले प्रमुख झाले आणि तेथेच १८ सप्टेंबर १९६७ रोजी वारले. पेनी यांचा संपूर्ण अहवाल जनतेच्या हाती पडला तो जानेवारी १९८८ मध्ये.