स्टीव्हन्सन आणि कृतज्ञतेचा रस्ता

एडिनबरा शहरातील हेरिएट रो येथील १७ क्रमांकाच्या घरात एक लहान मुलगा रात्र रात्र खोकत जागा असे. त्याची दाई ॲलिसन कनिंगहॅम त्याला अंथरुणातून उचलून खिडकीशी नेई. बागेपलीकडच्या काळोखात एखाददुसरी खिडकी उजळलेली दिसे. त्या खिडकीआडही कुणी आजारी मूल आपल्या दाईच्या कुशीत उजाडण्याची वाट पाहत असेल, असे ती दोघे एकमेकांना सांगत. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लावणारा माणूस येई. आपल्या दारासमोर दिवा आहे, याचेही त्या मुलाला अप्रूप वाटे. पुढे 'ट्रेझर आयलंड' लिहून जगभरच्या मुलांना वेड लावणारा हा कादंबरीकार म्हणजे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन.

त्याचा जन्म १३ नोव्हेंबर १८५० चा. घराणे दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्यांचे. आजोबांनी बेल रॉकचे दीपगृह उभारले, काकांनी स्केरीव्होरचे. वडील थॉमस हेही त्याच व्यवसायातले नामवंत. एकुलत्या एक मुलाने हीच परंपरा चालवावी, अशी त्यांची इच्छा होती. १८६७ मध्ये तो विद्यापीठात अभियांत्रिकी शिकू लागला खरा, पण मन रमले नाही. वडिलांच्या समाधानासाठी त्याने कायद्याचा अभ्यास केला आणि १८७५ मध्ये वकिलीची सनदही मिळवली. मात्र वकिली जवळजवळ केलीच नाही. त्याला लिहायचे होते. छाती दुबळी, उत्पन्न नगण्य आणि खर्चाला वडिलांचा पैसा, अशा अवस्थेत त्याची पंचविशी उलटली.

१८७६ मध्ये फ्रान्समधील ग्रे या खेड्यात त्याची फॅनी ऑस्बर्न या अमेरिकी स्त्रीशी भेट झाली. ती त्याच्याहून दहा वर्षांनी मोठी होती, विवाहित होती, दोन मुलांची आई होती. तीन वर्षांनी, ऑगस्ट १८७९ मध्ये, आईवडिलांना न सांगता तो तिच्यासाठी अमेरिकेला निघाला. बोटीच्या सर्वांत खालच्या वर्गाचे भाडे सहा गिनी होते, त्याच्या वरच्या वर्गाचे आठ. त्याने दोन गिनी अधिक मोजल्या, कारण तेवढ्यात लिहायला एक टेबल मिळणार होते. शिवाय या वर्गाला चहा किंवा कॉफी निवडण्याची मुभा होती, जरी दोहोंची चव जवळपास सारखीच असली तरी! पुढे स्थलांतरितांच्या आगगाडीतून अमेरिका ओलांडताना तिघा प्रवाशांनी भागीदारी केली. एकाने टॉवेल घेतला, दुसऱ्याने साबणाची वडी आणि स्टीव्हन्सनने पत्र्याचे घमेले. रोज सकाळी डब्याबाहेरच्या उघड्या सज्जात पाळीपाळीने तोंड धुणे, हा त्या भागीदारीचा नफा. प्रकृती ढासळत असतानाही त्याने या गोष्टी बारकाईने टिपल्या. वडिलांना हे प्रवासवर्णन इतके लज्जास्पद वाटले की त्यांनी पैसे भरून त्याचे प्रकाशन थांबवले.

कॅलिफोर्नियात पोहोचल्यावर मोंटेरेजवळच्या डोंगरात तो एकटाच आजारी पडला. शेळ्या पाळणाऱ्या दोघा अनोळखी माणसांनी त्याची शुश्रूषा केली, म्हणून तो वाचला. सॅन फ्रान्सिस्कोत त्याने जेवणाच्या खर्चात काटकसर केली आणि पुन्हा अंथरूण धरले. घटस्फोट झालेल्या फॅनीने त्याला त्यातून उठवले. १९ मे १८८० रोजी दोघांचा विवाह झाला. त्याच सुमारास वडिलांचा राग निवळला आणि वर्षाला अडीचशे पौंड देण्याचे त्यांनी तारेने कळवले.

'ट्रेझर आयलंड'चा उगम अशाच घरगुती क्षणात आहे. १८८१ च्या पावसाळी दिवसांत, स्कॉटलंडमधील ब्रेमार गावी बाहेर पडणे अशक्य होते. सावत्र मुलगा लॉईड याच्यासोबत रंगपेटी घेऊन बसलेल्या स्टीव्हन्सनने एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढला आणि त्या नकाशातून कथा निघाली. रोज लिहिलेले प्रकरण तो घरच्यांना वाचून दाखवी. थॉमस स्टीव्हन्सनही त्यात रंगून गेले. कथेतल्या खलाशाच्या पेटीत काय काय असावे याची यादी या कडक शिस्तीच्या अभियंत्याने स्वतः करून दिली. ज्या लेखनापायी बापलेकांत अंतर पडले होते, तेच लेखन आता दोघांचा खेळ झाले.

त्यानंतर आला सर्वांत कठीण काळ. १८८४ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील इएर या गावी त्याला रक्ताच्या भीषण उलट्या झाल्या. उजवा हात शरीराशी बांधलेला, डोळ्यांच्या विकारामुळे खोलीत काळोख केलेला आणि बोलण्याची मनाई. त्या काळोखात डाव्या हाताने तो मुलांसाठी कविता लिहीत राहिला. विषय होते आजारपणातला बिछाना, खेळण्यातले सैनिक, दिवे लावणारा माणूस. १८८५ मध्ये त्यांचा संग्रह निघाला तो 'अ चाइल्ड्स गार्डन ऑफ व्हर्सेस' या नावाने. अर्पणपत्रिकेत नाव होते दाई ॲलिसन कनिंगहॅमचे. दोन वर्षांनी आलेला 'अंडरवुड्स' हा कवितासंग्रह त्याने आपल्या डॉक्टरांना अर्पण केला. कुठल्या शहरात कोणत्या डॉक्टरने आपल्याला जगवले, याची नावानिशी नोंद त्याने त्यात केली.

स्टीव्हन्सनच्या कृतज्ञतेचे मर्म येथे आहे. कोणत्या सुखामागे कोणाचा हात आहे, हे तो विसरत नसे आणि ते ऋण नाव घेऊन मान्य करी. दुःखाकडे पाठ फिरवणारा हा आशावाद नव्हता. माणसातल्या काळोखाची 'डॉ. जेकिल अँड मिस्टर हाइड' ही कथा त्याने बोर्नमथच्या आजारपणातच लिहिली. जॉर्ज मेरेडिथ या कादंबरीकाराला १८९३ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले होते की, गेल्या चौदा वर्षांत खऱ्या आरोग्याचा एकही दिवस आपल्या वाट्याला आला नाही. तरीही काम थांबलेले नाही. त्याच्या जगण्याची किंमत इतरांनीही मोजली. वर्षानुवर्षे उशाशी जागणाऱ्या फॅनीची प्रकृतीही पुढे ढासळली.

मे १८८७ मध्ये वडील वारले. त्याच वर्षी त्याने ब्रिटन सोडले, ते कायमचे. प्रशांत महासागरातील भ्रमंतीनंतर १८८९ च्या डिसेंबरात तो सामोआला पोहोचला. तिथली हवा मानवली आणि अपिया गावाजवळ वैलिमा येथे त्याने घर बांधले. स्कॉटलंडला परतणे म्हणजे मृत्यूला बोलावणे, हे त्याला ठाऊक होते. त्या उष्ण बेटावरच्या घरात त्याने शेकोटीची जागा मात्र बांधून घेतली. वयोवृद्ध आईही तिथे राहायला आली. संध्याकाळी घरातली माणसे आणि सामोअन नोकरचाकर एकत्र जमत. स्टीव्हन्सनने त्यांच्यासाठी प्रार्थना रचल्या. डोक्यावरचे छप्पर, ताटातले अन्न, हाताला काम आणि सोबतची माणसे यांबद्दलचे आभार त्यांत आहेत.

सामोआच्या राजकारणात जर्मनी, ब्रिटन आणि अमेरिका यांच्या हस्तक्षेपाविरुद्ध त्याने उघडपणे लिहिले. १८९३ च्या युद्धात माताआफाचा पराभव झाला आणि त्याच्या बाजूचे सरदार अपियाच्या तुरुंगात पडले. स्टीव्हन्सनने त्यांना अन्न पोहोचवले, त्यांच्या भेटी घेतल्या, सुटकेसाठी खटपट केली. सुटून आल्यावर त्या सरदारांनी वैलिमापर्यंतचा रस्ता स्वतःच्या श्रमाने बांधून दिला. मोबदला घेतला नाही. सामोअन समाजात सरदाराने मजुरी करणे ही सामान्य गोष्ट नव्हती. ऑक्टोबर १८९४ मध्ये रस्ता पूर्ण झाला. त्याच्या फलकावर कृतज्ञतेचे शब्द होते आणि रस्ता बांधणाऱ्यांची नावे होती. आयुष्यभर दुसऱ्यांच्या ऋणाची नोंद ठेवणाऱ्या लेखकाला त्याच भाषेत उत्तर मिळाले होते.

३ डिसेंबर १८९४ च्या सकाळी त्याने 'वेअर ऑफ हर्मिस्टन' या कादंबरीचा मजकूर सावत्र मुलीला सांगितला. कादंबरी स्कॉटलंडचीच होती. ती अपुरी राहिली. संध्याकाळी तो तळघरातून वाइनची बाटली घेऊन आला आणि व्हरांड्यात फॅनीला जेवणाची तयारी करू लागला. बोलता बोलता तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ज्या फुफ्फुसांची भीती जन्मभर बाळगली, त्यांनी दगा दिला नाही. वय होते ४४.

वैआ डोंगराच्या माथ्यावर विसावण्याची त्याची इच्छा होती, पण तिथे जायला वाटच नव्हती. निरोप मिळताच सामोअन माणसे कुऱ्हाडी-कोयते घेऊन जमली, घनदाट रानातून त्यांनी वाट तोडली आणि दुसऱ्या दिवशी त्याला खांद्यावरून माथ्यावर नेले. एका वर्षात त्याच्यासाठी झालेला हा दुसरा रस्ता.